सुलाबाईचा तळहात

आमची गच्ची आणि सुलाबाईची गच्ची यांच्या मधी एक कमरेएवढी भिंत आहे. तिचा उपयोग एवढाच, की तिच्यावर चहाचे कप ठेवता येतात. दिवस कलायला लागला की मी इकडून वर जायचो, सुलाबाई तिकडून वर यायची. वाळत घातलेल्या कुरडयांखालच्या पांढऱ्या कापडावरून ती एकदा हात फिरवायची आणि तळहात भिंतीवरून माझ्यापुढं धरायची. काळपट, चरचरीत राखेनं भरलेला. "बघा, भाऊ," एवढंच म्हणायची. मी म्हणायचो, बघितलं. मग चहा. अडीच वर्षं आमची संध्याकाळ अशीच सुरू व्हायची.

मी बजरंग. हनुमान जयंतीला जन्मलो म्हणून बजरंग, अंगात तसलं काही नाही. आवाज तेवढा आहे. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, तेव्हा शेवटच्या सीटवरचा माणूससुद्धा माझ्या एका हाकेत पुढं सरकायचा. रिटायर झालो आणि गावानं मला स्वच्छता समितीचा अध्यक्ष केलं, कारण दुसरं कोणी तयार होईना. मी कोरडगव्हाणला तालुक्यात दुसरा नंबर आणून दिला. पहिला नंबर ज्या गावाला गेला तिथली गटारं मी स्वतः जाऊन बघून आलोय, पण तो विषय आत्ता नको.

विषय सुलाबाईचा आहे. तिचे मालक सिद्धोधन गुरुजी गेले तेव्हा लेक धम्मशीला सातवीत होती. महिनाभर बाई कुणाशी बोलली नाही. मग एक दिवस तिनं घरातले गहू भिजत घातले. तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, तो शिजवायचा, सोऱ्यातून कापडावर कुरडया घालायच्या आणि उन्हाच्या हवाली करायच्या. चीक शिजवताना हात थांबला की गाठी होतात, म्हणून त्या वेळी दारात सरपंच आला तरी सुलाबाई मान वर करत नाही. तिची कुरडई अशी पांढरी की पाथरीचे दुकानदार गिऱ्हाइकाला नाव सांगून द्यायचे. त्या कुरडयांवर धम्मशीला शिकली, इंजिनिअर झाली, पुण्याला गेली.

दुसरी गोष्ट म्हणजे बाई पक्की उपासिका. दर पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात वंदनेला जाणार, आणि पंचशील नुसतं म्हणणार नाही तर पाळणार. खोटं बोलायचं नाही म्हणजे नाही. माझ्या बायकोनं, चतुराबाईनं, नवी साडी नेसून कशी दिसते असं विचारलं की सुलाबाई खरं सांगते. मग दोघी चार-चार दिवस बोलत नाहीत आणि निरोप पोचवायची हमाली माझ्याकडं येते.

असं सगळं बरं चाललेलं असताना भैरवटेकडीच्या मागं पावर आलं. पावर म्हणजे कोळसा जाळून वीज करायचा खाजगी कारखाना. चिमणी एवढी उंच की पाथरीच्या रस्त्याला लागलं की आधी ती दिसते, मग आमचं गाव. पहिले चार महिने ठीक गेले. मग राख पडायला लागली. ही राख चुलीतली नव्हे; चुलीतल्या राखेनं भांडी तरी घासता येतात. ही पिठाहून बारीक, कडुनिंबाच्या पानावर, दह्यावर, म्हशीच्या पाठीवर, सगळीकडं. आणि पांढऱ्या कुरडईवर पडली की झालंच, पुसताही येत नाही न् धुताही येत नाही.

धम्मशीलानं पुण्यातून त्या कारखान्याचा परवाना शोधून काढला आणि छापून पाठवला. सरकारनं वीज करायला परवानगी दिली होती ती अटी घालून. सुलाबाईनं चष्मा लावून तो इतक्या वेळा वाचला की अटी तिला नंबरासहित पाठ झाल्या. नंबर नऊ, चिमणीतली धूळ पकडायचं यंत्र चोवीस तास चालू पाहिजे. नंबर अकरा, राख साठवायचा तलाव कायम ओला पाहिजे, म्हणजे ती उडत नाही. नंबर चौदा, राख नेणाऱ्या गाडीवर ताडपत्री पाहिजे. मग बाई भाजी आणायला निघाली तरी वाटेत हात आडवा करून टिप्पर थांबवायची आणि ड्रायव्हरला खाली उतरवून विचारायची, "अट नंबर चौदा. ताडपत्री कुठं हाय?" ड्रायव्हर इतके बेजार झाले की आमच्या गल्लीच्या अलीकडं ताडपत्री बांधायचे आणि गल्ली संपली की सोडायचे. मी म्हणालो, सुलाबाई, आपल्या गल्लीपुरतं तरी सरकार आलं.

कारखान्याच्या गेटवर तक्रारपेटी होती. सुलाबाईनं तिच्यात सतरा अर्ज टाकले आणि प्रत्येक वेळी पोचपावती मागितली. एकदाही मिळाली नाही. तिथला मॅनेजर गोड माणूस. बसवायचा, पाणी द्यायचा आणि गेटावरचा बोर्ड दाखवायचा. बोर्डावर हिरव्या अक्षरात हवेचा आकडा, रोज तोच, उन्हाळा असो की पावसाळा. खरी गोम वेगळीच होती. ते धूळ पकडायचं यंत्र स्वतः लय वीज खातं. वीज करणारे लोक वीज वाचवायला ते बंद ठेवायचे. ही गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नाही, सुलाबाईच्या तळहातानं सांगितली. कारखान्यात मोठ्या लोकांच्या गाड्या आल्या की त्या दिवशी हात स्वच्छ. गाड्या गेल्या की अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा काळा. तिनं हे मला दहा वेळा तरी बोलून दाखवलं असेल, आणि मी दहा वेळा हूं म्हणून सोडून दिलं.

पाथरीच्या दुकानदारांनी माल परत पाठवायला सुरुवात केली. मग धम्मशीलानं फोनवर निक्षून सांगितलं: मी प्रदूषण मंडळाकडं तक्रार केलीय, साहेब पाहणीला येणारेत. त्यातून काही निघालं तर ठीक. नाहीतर हा वैशाख संपला की घराला कुलूप लाव न् पुण्याला ये. सुलाबाईनं कबूल केलं, आणि तिनं कबूल केलं की संपलं. चैत्रात ती तीन दिवस पुण्याला जाऊन लेकीचा फ्लॅट बघूनही आली. घर चांगलं होतं म्हणे, पण बाल्कनी जेवायच्या पाटाएवढी. गुरुजींच्या मागं तिनं जे काही उभं केलं ते गच्चीवर उभं केलं, आणि तिथं गच्चीला कुलूप आणि किल्ली सेक्रेटरीकडं. ती गेली असती तर माझी संध्याकाळ गेली असती. मला ते नको होतं, सरळ सांगतो.

आणि नेमका त्या तीन दिवसांत मी घोळ घातला.

ग्रामपंचायतीत पत्र आलं की चैत्र पौर्णिमेला अधिकारी पाहणीला येत आहेत, ग्रामस्थांनी सहकार्य करावं. पाहणी राखेची आहे हे मला माहीत होतं. मी काही येडा नाही. पण साहेब येणार आणि गाव असं घाण दिसणार, हे माझ्यातल्या अध्यक्षाला सोसेना. सहकार्य म्हणजे काय, तर झाडू. मी दोन टँकर मागवले. बचत गटाच्या बायका, तालमीतली पोरं, सगळे कामाला लावले. रस्ते झाडले, पत्रे धुतले, गच्च्या धुतल्या, पाइप लावून कडुनिंबाची पानंसुद्धा धुतली. मारुतीच्या देवळाला आणि विहाराला चुना दिला. सुलाबाई गावात नाही, म्हातारपणी आल्या आल्या कुठं झाडत बसेल, म्हणून तिची गच्ची आम्ही मायेनं दोनदा धुतली. तिथं कोपऱ्यात एक रांजण होता. बायकांनी विचारलं, ह्याच्यात राख हाय, काय करायचं? मी खाली उभा राहून भोंग्यातून सांगितलं, ओता गटारात, आणि घासून पाणी भरून ठेवा.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारच्या गाडीनं सुलाबाई उतरली. गाव बघून तिला आधी ओळखायलाच आलं नाही. मी छाती काढून तिच्या मागं मागं चाललो होतो. ती गच्चीवर गेली, रांजणात डोकावली आणि खालीच बसली.

"बजरंगभाऊ," ती म्हणाली, "अडीच वर्षं रोज झाडून साठवली होती. साहेबाला दाखवायला. तुमी माझं सगळं धुतलं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. चतुराबाई मात्र निघेल तेवढं बोलली, घरी आल्यावर, आणि जेवणाचं ताट माझ्यापुढं आपटलं. त्या दिवशी चहाचे कप भिंतीवर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी हनुमान जयंती, म्हणजे माझा वाढदिवस. सूर्य उगवता देवळात नारळ फोडला आणि मारुतीला सांगितलं की बाबा, तू द्रोणागिरी उचललास, मला दोन घमेली राख आणून दे. साहेब सकाळीच कारखान्यात पोचले होते. तिथं सगळं चालू, चिमणीवर आभाळ निळंशार. अकराच्या सुमाराला साहेब न् मॅनेजर आमच्या गावात आले. साहेब चाळिशीचे, काटकुळे, खांद्याला एक पिशवी, तोंडावर हसू नाही. त्यांनी पानावर बोट फिरवलं: स्वच्छ. पत्र्यावर फिरवलं: स्वच्छ. विचारलं, तक्रारदार कोण? पांढरी साडी नेसलेली सुलाबाई पुढं आली. राख कुठं आहे? ती म्हणाली, ह्या रांजणात होती. साहेबांनी झाकण काढलं. आत थंडगार पाणी.

मॅनेजरनं माझ्याकडं वळून हात जोडले आणि म्हणाला, इतकं स्वच्छ गाव मी आजवर पाहिलं नाही. एरवी माझी कुणी स्तुती केली की मला बरं वाटतं. त्या दिवशी वाटलं जमीन फाटून आत जावं. साहेबांनी वहीत लिहिलं की प्रत्यक्ष पाहणीत राख आढळली नाही. मॅनेजर आपल्या गाडीत बसून निघून गेला.

साहेब जीपकडं वळले तेव्हा सुलाबाई म्हणाली, जेवून जा. साहेब म्हणाले, पाहणीच्या दिवशी मी कुणाचं पाणीही घेत नाही. ती म्हणाली, "नका घेऊ. पण आज पौर्णिमा हाय, विहारात खीरदान हाय. दारात आलेला माणूस उपाशी वाटंला लागला तर आमच्या घशाखाली घास उतरणार न्हाई. तुमच्या पिशवीत डबा हाय ना? सावलीला बसून तुमचाच खा." साहेबांना ह्याला नाही म्हणता येईना. मग ती जीपच्या ड्रायव्हरकडं वळली आणि विचारलं, दादा, स्टेपनी बघितली का? ड्रायव्हर खाली वाकला. स्टेपनीत वारा नव्हता. ह्यात नवल काही नाही. सरकारी जीपची स्टेपनी बसलेलीच असते, एसटीत जन्म काढलेल्या माणसाला विचारा. सुलाबाई म्हणाली, साहेब जेवेपर्यंत पाथरीला जाऊन पंक्चर काढून आणा, पुढं रस्ता खराब हाय. ड्रायव्हर गेला. मला तेव्हा रागच आला, की इथं आपलं सगळं बुडालंय आणि ह्या बाईला परक्याच्या स्टेपनीची काळजी.

विहाराच्या अंगणात पिंपळाखाली सतरंज्या टाकल्या होत्या. वंदना झाली. पंचवीस-तीस बायका, पांढऱ्या साड्यांत ओळीनं बसलेल्या. मागं कालच चुना दिलेली भिंत. खीर वाढायला सुरुवात झाली. साहेब एका कडेला बसून आपला डबा खात होते: दोन चपात्या आणि दहीभात. मी त्यांच्याशेजारी तोंड पाडून बसलो होतो.

अर्धा तास गेला असेल. साहेबांनी दहीभाताचा घास तोंडात घातला आणि थांबले. दाताखाली कचकच झाली होती. त्यांनी डब्यात बघितलं. भातावर बारीक काळे ठिपके. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, वहिनींनी मोहरीची फोडणी दिली वाटतं.

"आमच्याकडं दहीभाताला फोडणी देत नाहीत," साहेब म्हणाले, आणि वर बघितलं.

टेकडीमागच्या चिमणीतून करडा लोट निघाला होता आणि वाऱ्यावर सरळ आमच्याकडं येत होता. पाथरीचा रस्ता कारखान्याच्या गेटापुढूनच जातो. जीप गेटापुढून गेली, वॉचमननं आत कळवलं की साहेब गेले, आणि आतल्या लोकांनी रोजच्यासारखी धूळ पकडायची यंत्रं बंद केली. आता राख भुरभुर खाली यायला लागली. खिरीवर आली, नव्या चुन्यावर आली, तीस पांढऱ्या साड्यांवर आली. दोन दिवस मी गावाची एकेक वस्तू घासून ठेवली होती, त्यामुळं जिथं कण पडला तिथं दिसला. एकही बाई उठली नाही, पदर झटकला नाही. सगळ्या साहेबांकडं बघत बसून राहिल्या.

सुलाबाई साहेबांपुढं येऊन बसली. मांडीवरच्या पदरावरून तिनं हात फिरवला आणि तळहात त्यांच्यापुढं धरला.

"साहेब," ती म्हणाली, "आता लिवा."

साहेबांनी वही काढली, आधी लिहिलेल्या ओळीवर एक आडवी रेघ मारली आणि खाली सही केली. मग माझ्याकडं बघून विचारलं, तुमच्याकडं गाडी आहे का? माझी जुनी मोटारसायकल त्या दिवशी पहिल्याच किकला सुरू झाली, मारुतीची कृपा. साहेबांना मागं बसवून मी गेटावर नेलं. वॉचमनच्या वहीत लिहिलेलं होतं, साहेब रवाना. तो एकदा वहीकडं बघायचा, एकदा साहेबांकडं. मी बाहेरच थांबलो; आत काय झालं ते साहेबांनी आल्यावर सांगितलं, की धूळ पकडायच्या चार यंत्रांपैकी तीन बंद सापडली. येताना त्यांच्या तोंडावर हसू नव्हतंच, पण त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. खड्ड्यांमुळं असेल.

विहारात परत येऊन त्यांनी पंचनामा केला. दहीभाताचा डबा चमच्यासकट सील झाला. वहिनींनी घरी काय म्हटलं असेल देव जाणे. कापडाचा नमुना पाहिजे म्हणाले, तर सुलाबाईनं घरी जाऊन दुसरं लुगडं नेसलं आणि ती पांढरी साडी तशीच घडी करून आणून दिली. ती गुरुजींनी आणलेली होती, मला माहीत होतं. साहेबांनी ती पाकिटात घालून लाखेनं बंद केली आणि तिला सही-शिक्क्याची पोचपावती दिली. सतरा अर्जांनंतरची पहिली. सुलाबाईनं ती दोनदा वाचली आणि ब्लाउजमधल्या पाकिटात ठेवली.

ड्रायव्हर स्टेपनी घेऊन आला, साहेब गेले. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी तिला म्हणालो, सुलाबाई, ते स्टेपनीचं तुम्ही मुद्दाम केलं.

"मी खोटं काहीच बोलले न्हाई, भाऊ," ती म्हणाली. "स्टेपनी खरंच बसली होती. आन् जेवायला थांबा म्हणलं तर ते काय पाप हाय का?" मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना, आणि मग मला. चतुराबाई बाहेर येऊन म्हणाली, काय झालंय ह्या दोघांना?

पंधरा दिवसांत हुकूम आला. यंत्रं नीट चालतात हे सिद्ध होईपर्यंत कारखान्याचं एक युनिट बंद, तलाव ओला करा, आणि आकड्याचा दुसरा बोर्ड आमच्या ग्रामपंचायतीपुढं लावा. त्या बोर्डावरचा आकडा रोज बदलतो, तेव्हाच मला त्याचा भरवसा आला. सुलाबाईनं हुकुमाची वाट बघितलीच नव्हती. पाहणीच्या दुसऱ्या दिवशीच गहू भिजत घातले होते. वैशाख संपता संपता धम्मशीला आईला न्यायला मोठी गाडी घेऊन आली. गच्चीवर जाऊन वाळत घातलेल्या कुरडया बघितल्या. परत जाताना गाडीत आईच्या जागेवर कुरडयांची पोती होती.

पण मनात धाकधूक होतीच. पावसाळ्यात सगळंच धुऊन निघतं, तेव्हा राखेचं खरं काय ते कळत नाही. थंडीत कारखाना दोन्ही युनिटांवर पुरा सुरू झाला, चिमणी रोज समोर दिसायची. सुलाबाई हात फिरवायची, बघायची, पण मला दाखवायची नाही. म्हणायची, कुरडयांचं ऊन येऊ द्या, मग खरं.

अकरा महिन्यांनी, फाल्गुनात, पोस्टमन एक पाकीट घेऊन आला. लाखेची सीलं, वर नंबर, आत साडी. तशीच, राखेसकट. सुलाबाईनं ती स्वतःच्या हातानं तीनदा धुतली आणि भर उन्हात गच्चीवर पसरली. दिवसभर कारखाना चालू होता. मी तीनदा वर जाऊन चिमणी बघून आलो. दिवस कलायला लागला तसा मी वर गेलो, माझ्यामागं चतुराबाई कप घेऊन.

सुलाबाईनं साडीवरून हात फिरवला. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. तळहात आधी स्वतः बघितला, मग भिंतीवरून माझ्यापुढं धरला.

"बघा, भाऊ."

हातावर रेषा होत्या, सोऱ्या दाबून पडलेला घट्टा होता, बाकी काही नव्हतं. माझे डोळे भरून आले, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही. चतुराबाईनं कप भिंतीवर ठेवले. सुलाबाईनं साडीची घडी घातली, चहाचा घोट घेतला आणि म्हणाली, "उद्या गहू भिजवते. तुमी तेवढं काई धुवू नका."